देणगीचा अनुक्रमांक : एक अभ्यास

देवालयाच्या कार्यालयातील पावतीपुस्तक ही दिसण्यात अगदी सामान्य वस्तू आहे; परंतु तिच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहारविवेक साठविलेला आहे. पुस्तक छापखान्यातून येते तेव्हाच त्याच्या पानापानावर अनुक्रमांक उमटलेला असतो. मूळ पावती भाविकाच्या हाती जाते, स्थळप्रत पुस्तकात राहते. लिहिण्यात चूक झाली, तर पान फाडून टाकण्याची मुभा नसते; त्यावर 'रद्द' असा शेरा मारून दोन्ही प्रती जागच्या जागी ठेवाव्या लागतात. वर्षाअखेर हिशेबतपासनीस येतो, तेव्हा तो रकमांबरोबर क्रमांकांची ही साखळीही पाहतो. साखळी अखंड असली, म्हणजे कोणाचेही दान वाटेत नाहीसे झाले नाही, अशी खात्री पटते.

आता दान देण्याची रीत पालटली आहे. २०१६ साली यूपीआयची सोय सुरू झाली, आणि परगावी किंवा परदेशी राहणारा महाजन घरबसल्या कुलदेवतेच्या चरणी देणगी रुजू करू लागला. ही सोय इष्टच आहे. परंतु येथे छापील पुस्तक नाही, स्थळप्रत नाही, लेखणी घेऊन बसलेला कारकूनही नाही. मग पावतीवर क्रमांक घालतो कोण? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक सभासद कुटुंबास ठाऊक असावे, या हेतूने आम्ही हा विषय अभ्यासास घेतला आहे.

क्रमांक घालण्याचे काम संगणकातील आज्ञावलीचा एक लहानसा भाग करतो. तंत्रज्ञ त्यास 'क्लास' म्हणतात. शाळेतील वर्गाशी याचा संबंध नाही. एखाद्या कामाला लागणारी माहिती आणि ते काम करण्याची रीत ही दोन्ही जेथे एकत्र बांधलेली असतात, तो क्लास. आपला हा क्लास डेटाबेसशी, म्हणजे संगणकातील नोंदवहीशी, बोलतो. शेवटचा क्रमांक विचारतो आणि पुढचा क्रमांक नव्या देणगीस देतो. काम एवढेसे दिसते, म्हणूनच ते घाईने लिहिले जाण्याचा धोका अधिक.

एक दृष्टांत घेऊ. पेडण्याची पुनव गोमंतकात प्रसिद्ध आहे. कोजागरीच्या त्या रात्री जशी गर्दी लोटते, तशीच गर्दी एखाद्या देवस्थानाच्या ऑनलाइन देणगीखात्यावर लोटली आहे, अशी कल्पना करा. क्लास असा लिहिलेला आहे : नोंदवहीतील सर्वांत मोठा क्रमांक पाहावा, त्यात एक मिळवावा आणि तो पावतीवर घालावा. मांद्र्याची एक वृद्ध आजी नातवाकरवी आपल्या निवृत्तिवेतनातून १०१ रुपये पाठविते. त्याच क्षणी साखळीचे एक कुटुंब परदेशातून ५,००१ रुपये पाठविते. दोन्ही वेळा संगणक वहीत पाहतो. दोन्ही वेळा शेवटचा क्रमांक ४१७ दिसतो. आणि दोन्ही पावत्यांवर ४१८ हाच क्रमांक पडतो.

दोष त्या रात्री कोणाच्या ध्यानी येत नाही. तो वर्षाअखेर उघड होतो. एकाच क्रमांकाच्या दोन नोंदी पाहून कोणीतरी समजतो की, एक नोंद चुकून दोनदा झाली आहे, आणि लहान रकमेवर रेघ ओढतो. रक्कम बँकेत असते, पण आजीचे नाव देवाच्या वहीतून निघून जाते. रुपये १०१ हे आकड्याने थोडे असले, तरी तिने आपल्या गरजा मागे ठेवून ते दिले होते. अशा वेळी समितीची नियत शुद्ध होती, एवढे म्हणणे पुरेसे होत नाही.

या दोषाचा कपटी स्वभावही समजून घेतला पाहिजे. दुपारच्या निवांत वेळी एकट्याने तपासून पाहिले, तर हा क्लास अचूक चालतो. शंभर वेळा पाहिले, तरी अचूकच चालेल. तो चुकतो उत्सवाच्या रात्रीच, कारण तेव्हाच दोन हात एका वेळी वहीकडे वळतात. म्हणून 'आजवर काही बिघडले नाही' हा पुरावा नव्हे.

उपाय जुनाच आहे. कार्यालयात लेखणी एकच असली, म्हणजे दुसऱ्याला थांबावे लागते. डेटाबेसमध्ये शेवटच्या क्रमांकाची एकच नोंद ठेवावी. जो येईल त्याने ती नोंद कुलूपबंद करावी, क्रमांक एकाने वाढवावा, देणगीची नोंद पुरी करावी आणि मगच कुलूप सोडावे. ही सर्व कृती एकसंध असली पाहिजे. पुरी झाली तर पुरी, नाहीतर मुळीच नाही. अशा एकसंध कृतीस संगणकशास्त्रात 'व्यवहार' अशा अर्थाचीच संज्ञा आहे. जिम ग्रे या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८१ सालच्या एका निबंधात ही कल्पना विशद केली, आणि १९९८ सालचे ट्युरिंग पारितोषिक त्यास लाभले. यापलीकडे, एक क्रमांक दोनदा लिहिलाच जाऊ नये, असा नियम खुद्द डेटाबेसमध्ये घालून ठेवावा. कारकून चुकला, तरी वहीने नकार दिला पाहिजे.

दुसरा दोष याच्या उलट आहे. देणगी पोहोचल्याचा संदेश बँकेकडील सेवा देवस्थानाच्या संगणकास धाडते. पोच मिळाली नाही, तर तोच संदेश पुन्हा धाडते. क्लास भाबडा असला, तर एका देणगीच्या दोन पावत्या होतात. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहारास बारा आकडी संदर्भक्रमांक असतो. तो आधी नोंदला गेला आहे काय, हे पाहूनच नवी पावती करावी.

तिसरी गोष्ट गाळलेल्या क्रमांकांची. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल यांसारख्या डेटाबेसमध्ये आपोआप क्रमांक देण्याची सोय असते. तिने एकदा दिलेला क्रमांक, देणगीची नोंद अर्ध्यावर सुटली, तरी परत घेतला जात नाही. म्हणून मध्ये रिकाम्या जागा पडतात. ज्या देवस्थानास अखंड साखळी हवी, त्याने वर सांगितलेली एका नोंदीची रीतच पत्करावी. आणि रद्द झालेली पावती कधीही पुसू नये; 'रद्द' असा शेरा मारून, कारण लिहून ठेवावी. रिकाम्या जागेचे कारण सांगता आले नाही, म्हणजे संशय निर्माण होतो.

चौथी गोष्ट तारखेची. पुष्कळ संगणक भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर चालतात. १ एप्रिलच्या पहाटे दोन वाजता कोणी देणगी दिली, तर अशा संगणकास ती ३१ मार्चच्या रात्री साडेआठची वाटते, आणि पावती मागील आर्थिक वर्षाच्या मालिकेत जाते. क्लासला आपल्या गावची वेळ स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे.

कोणी म्हणेल, ही तंत्रज्ञांची कामे. आम्हांस त्यांचे काय? येथेच आमचे म्हणणे वेगळे आहे. १९३३ साली पोर्तुगीज राजवटीत आलेली देवस्थान नियमावली मुक्तीनंतरही गोव्यात चालू राहिली. तीनुसार महाजनांनी निवडलेल्या समितीची मुदत तीन वर्षांची असते. अध्यक्ष, मुखत्यार, खजिनदार बदलतात. परंतु आज्ञावली तशीच मागे राहते. ज्याने ती लिहिली, तोही निघून जातो. म्हणून ती दुसऱ्यास वाचता येईल अशी असली पाहिजे. 'एक्स' आणि 'टेम्प' अशी नावे न वापरता 'पुढील पावती क्रमांक' अशी अर्थवाही नावे असावीत. एका भागाने एकच काम करावे. चूक झाली, तर ती गिळून न टाकता मोठ्याने सांगावी. आणि शंभर देणग्या एकाच क्षणी आल्या असता काय होते, याची चाचणी आज्ञावलीबरोबरच लिहून ठेवलेली असावी. आज्ञावलीच्या लेखनाची गुणवत्ता म्हणतात ती हीच.

डिचोली तालुक्यात नार्वे येथे श्री सप्तकोटेश्वराचे देवालय आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी त्याचा जीर्णोद्धार १६६८ साली आरंभिला. तेथील शिलालेखात शक, संवत्सर, मास, तिथी आणि वार यांची नोंद आहे. साडेतीनशे वर्षांनंतर वाचणाऱ्यास, हे केव्हा आणि कोणाच्या आज्ञेने झाले, हे कोणास विचारावे लागत नाही. एका देवकार्याची नोंद किती काळजीने ठेवावी, याचा तो वस्तुपाठ आहे. आपली नोंद शिळेवर नसली, तरी काळजी तीच हवी.

सभासदांनी येत्या सभेत पुढील प्रश्न आपल्या समितीस आदरपूर्वक विचारावेत.

१. दोन देणग्या एकाच क्षणी आल्या, तर क्रमांक वेगळे पडतील याची हमी कशात आहे?
२. एकच संदेश दोनदा आला, तर काय होते?
३. रद्द झालेल्या पावत्या कोठे पाहावयास मिळतात?
४. ३१ मार्चच्या मध्यरात्री मालिका कशी पालटते?
५. आज्ञावली लिहिणारा उद्या नसला, तर ती कोण वाचू शकेल?

हे प्रश्न अविश्वासाचे नव्हेत. पावती हाती पडताच आपण तिच्यावरील क्रमांक न वाचता ती घडी करून ठेवितो, इतका आपला देवस्थानावर विश्वास आहे. तो योग्य ठरविण्याचे दायित्व समितीचे आणि आपले, दोघांचेही आहे.