मोटारीच्या दाराचे अस्तर

कला शाखेच्या विद्यार्थिनीने मोटारीच्या दारात डोके का घालावे, हा प्रश्न मला वर्गात तीनदा विचारला गेला आणि एकदा प्राध्यापक-कक्षातही. त्याचे उत्तर म्हणून हा लेख. दौंडला माझ्या मामांकडे १९८८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. तिच्या दारांची आतली अस्तरे मी दोन उन्हाळ्यांच्या सुट्यांत नीट केली. पहिल्या उन्हाळ्यात मी एकच दार केले आणि ते पार बिघडवले. दुसऱ्या उन्हाळ्यात चारही केली. ज्यांच्या अंगणात अशी एखादी गाडी ताडपत्रीखाली उभी असेल, त्यांना निदान माझ्या चुकांचा तरी उपयोग व्हावा.

मामा रेल्वेतून निवृत्त झाले. गुडघ्यांमुळे त्यांची दुचाकी सुटली, तेव्हापासून दवाखाना, बाजार आणि शिरूरला आमच्याकडे येणे, सगळे या गाडीवर. खाजगी मोटारीची नोंदणी पहिली पंधरा वर्षे चालते, पुढे दर पाच वर्षांनी गाडी तपासून घेऊन नूतनीकरण करावे लागते. त्याचे शुल्क २०२२ च्या एप्रिलपासून ६०० रुपयांवरून एकदम ५,००० झाले आणि पुढे जुन्या गाड्यांसाठी आणखी वाढले. मामांची मुदत जूनअखेर संपत होती. शुल्काचे दुःख नव्हते. दुःख होते ते डावीकडच्या पुढच्या दारातून पाझरून पायाशी साचणाऱ्या पाण्याचे. पायपुसण्याखालचा पत्रा गंजत चालला होता. तो आरपार गेला तर गाडी तपासणीत टिकणार नाही, हे मामा जाणून होते आणि भंगारवाला तर त्याहून जास्त जाणून होता. तो दर पंधरवड्याला सहज म्हणून चहाला येई.

या गाडीचे कुळ आपल्याच मुलखाशी जोडलेले आहे. शेठ वालचंद हिराचंद यांनी दौंडशेजारच्या इंदापूर तालुक्यात साखर कारखान्याभोवती वालचंदनगर वसवले. त्यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन बनावटीच्या गाड्या जोडल्या जात. १९५० नंतर इटलीच्या फियाट कंपनीशी संबंध आला. १९६४ पासून आलेली फियाट अकराशे हीच गाडी १९७४ साली ‘पद्मिनी’ झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने इतकी वर्षे काढली की शेवटची २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेलेली टॅक्सी वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर, २०२३ साली रस्त्यावरून उतरली. आणि योगायोग पाहा, त्याच फियाटचा पुढचा कारखाना आपल्या शिरूर तालुक्यात, महागणपतीच्या रांजणगावात उभा राहिला. जुन्या फियाटचे दार उघडे करून बसले असताना रांजणगावहून नव्या गाड्या लादलेले ट्रक नगर रस्त्याने जाताना मी पुष्कळदा आठवले आहेत.

आता दाराकडे वळू. आपली समजूत अशी असते की दारात पाणी शिरूच नये. ही समजूत चुकीची आहे. काच वर-खाली होण्यासाठी फट लागते. काचेला लागून असलेले रबर बरेचसे पाणी अडवते, सगळे नाही. उरलेले पाणी काचेवरून दाराच्या पोकळीत उतरते आणि तळाशी असलेल्या भोकांतून बाहेर जाते. म्हणजे मोटारीचे दार ही एक उभी पन्हळच आहे. या पन्हळीच्या आतल्या अंगाला, यंत्राच्या मोठाल्या खिडक्यांवर, एक प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो आणि त्याच्यावर आपल्याला दिसणारे अस्तर, म्हणजे हार्डबोर्डची फळी व तिच्यावर ताणलेले रेक्झिन. मामांच्या गाडीची काच पूर्वी कुणीतरी दुरुस्त केली, तेव्हा तो कागद फाडून काढला आणि परत लावला नाही. न दिसणाऱ्या कागदाची आठवण कोणाला राहणार? पाणी फळीवर येऊ लागले. तळाची भोके चिखलाने बुजलेली, त्यामुळे पाणी आत तुंबले. हार्डबोर्ड म्हणजे लाकडाचा तंतू उष्णतेने आणि दाबाने बसवलेला. पाणी मिळताच तो तंतू मोकळा होऊ पाहतो. फळी फुगली, खालची कड पुरणपोळीच्या काठासारखी उलगडली आणि रेक्झिन सुटले.

यातले काहीही ठाऊक नसताना मी पहिल्या उन्हाळ्यात काम केले. फुगलेली फळी उन्हात वाळवून दाबली, तिच्यावर सुताराच्या पांढऱ्या डिंकाने नवे रेक्झिन चिकटवले, कडेला दोन कोट लावून रंग दिला. मामींनी शेजारणींना बोलावून दाखवले. ऑगस्टमध्ये मामांचा फोन आला, “पोरी, तुझं दार गरोदर राहिलंय.” पांढरा डिंक पाण्यात विरघळणारा, ओल लागताच त्याचे दूध झाले होते.

दुसऱ्या उन्हाळ्यात मामांनी मला दौंडच्या एका कुशनवाल्या काकांकडे नेले. ऐन उमेदीची वर्षे त्यांनी मुंबईत टॅक्सींची आसने मढवण्यात घालवली होती. पद्मिनीची फळी हातात न घेता, नुसती पाहून ते म्हणाले, “ही डावी पुढची. कागद कुठाय?” मी विचारले, कसला कागद? तेव्हा त्यांनी मला स्टुलावर बसवले. पुढचे सारे त्यांच्या तोंडचे, शब्द तेवढे माझे.

प्रथम हँडले काढायची. काच फिरवण्याचे हँडल काही गाड्यांत लहान खिळीने, काहींत तारेच्या चापाने अडकवलेले असते. चाप असेल तर हँडलमागे जुन्या धोतराची पट्टी घालून बूट पुसतात तशी दोन्ही टोकांनी ओढायची. चाप टणकन उडतो. तो कुठे उडाला हे पाहायला दुसरे माणूस लागते. फळी कडेच्या चापांनी बसलेली असते. पेचकस एका जागी घालून उचकटली तर फळीच फाटते. प्रत्येक चापाच्या शेजारी रुंद पाते सरकवून थोडे थोडे उचलायचे. काढलेले स्क्रू, चाप व वायसर दारागणिक वेगळ्या डब्यात ठेवावेत. मी चारही दारांचे एकाच परातीत ठेवले आणि एक सबंध सायंकाळ त्यापायी गेली.

फळी निघाली की तळाची भोके. सायकलच्या चाकाची तार वाकवून ती मोकळी करायची. आमच्या पहिल्या दारातून मूठभर काळी माती, एक चार आण्याचे नाणे आणि रेल्वेचे एक जुने कार्डाचे तिकीट निघाले.

पद्मिनीच्या दाराचा वरचा भाग आतूनही उघड्या पत्र्याचाच असतो, म्हणून रंगकाम आधी आणि मढवणे नंतर. गंज १२० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासला, रेडऑक्साइडचा हात दिला, तो वाळल्यावर पाण्यात बुडवलेल्या ४०० नंबरने गुळगुळीत केला. येथे एक इशारा. घरी साधा ऑइल पेंट लावलेला असेल तर त्याच्यावर थिनरमधला मोटारीचा रंग मारू नये. थिनर खालचा थर उचलतो आणि रंगाला म्हाताऱ्या कातडीसारख्या सुरकुत्या पडतात. जुना रंग कुठला, हे थिनरचा बोळा कोपऱ्यात घासून पाहावे: बोळ्याला रंग आला तर तो थिनरमध्ये विरघळणारा, सुरकुतला तर ऑइल पेंट. पावसाळी हवेत थिनरचा रंग पांढुरका पडतो. मे महिन्यात ती भीती नव्हती, होती ती धुळीची. म्हणून आम्ही पहाटे अंगणात पाणी शिंपडून, वारा सुटण्याआधी रंग देत असू.

मग तो प्लॅस्टिकचा कागद. शिरूरहून मी कांद्याच्या गादीवाफ्यांवरचा मल्चिंगचा कागद घेऊन गेले. काकांनी तो बोटाने भोसकून दाखवला. शेततळ्याचा कागद फार ताठ निघाला. अखेर हार्डवेअरच्या दुकानातले मध्यम जाडीचे प्लॅस्टिक घेतले. चिकट पट्टीने ते सर्व बाजूंनी बसवायचे; मात्र खालची कड फळीकडे न सोडता दाराच्या पोकळीत खोचायची, म्हणजे कागदावरून ओघळणारे पाणी पुन्हा पन्हळीतच पडते. सगळ्या कामात हीच अडीच बोटांची जागा महत्त्वाची, आणि काम पुरे झाल्यावर ती कोणालाच दिसत नाही.

पुढच्या दोन दारांच्या फळ्या नव्या कापल्या. तीन मिलिमीटरच्या हार्डबोर्डवर जुनी फळी ठेवून पेन्सिलने आखायचे. फुगलेली कड आखू नये, उजव्या दाराची फळी उलटी ठेवून पडताळावी. भोके पाडून झाल्यावर फळीच्या दोन्ही अंगांना आणि विशेषतः कडांना वॉर्निशचे दोन हात. हार्डबोर्ड पाणी पितो तो कडेने.

रेक्झिन या शब्दाची हकीकत मला ग्रंथालयात मिळाली. हे मूळचे इंग्लंडमधील मँचेस्टरजवळच्या हाइड गावच्या एका कंपनीच्या मालाचे नाव; सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप दिलेले ते नकली चामडे. आज आपण ज्याला रेक्झिन म्हणतो ते कापडावरचे पी.व्ही.सी. असते. नाव राहिले, वस्तू बदलली. भाषाशास्त्राच्या सरांना हे उदाहरण आवडावे. चौपन्न इंची पन्ह्याचे सव्वा मीटर रेक्झिन दोन दारांना पुरले. ते तासभर उन्हात पसरून मऊ करायचे. डिंक रबराच्या सोल्युशनचा. तो फळीला आणि रेक्झिनच्या पाठीला, दोन्हीकडे लावून, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचे. हे थांबणेच मला जमेना. घाईने चिकटवले की आत वाफ कोंडून फुगे येतात. मध्यापासून कडेकडे हाताने दाबत जायचे, कड मागे दुमडताना कोपऱ्यात पाकळ्या कापायच्या. शिवण घालायची असल्यास टाके लांब घ्यावेत. दाट टाक्यांनी रेक्झिन पोस्टाच्या तिकिटासारखे फाटते. आणि हे सारे उघड्यावर करावे. त्या डिंकाची वाफ डोके चढवते आणि पेट घेते. मी पडवीत बसले असताना मामी आत शेगडी पेटवायला निघाल्या, तेव्हा काका प्रथमच माझ्यावर ओरडले.

मागच्या दोन दारांचे रेक्झिन शाबूत होते, नुसते विटलेले, ते रंगवले. रेक्झिनवर ऑइल पेंट देऊ नये: पी.व्ही.सी.ला मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य हळूहळू वर येते आणि रंग महिनोन् महिने चिकट राहतो. त्यासाठी लवचिक रंग वेगळा मिळतो; आम्ही तो पुण्याच्या नाना पेठेतून आणवला. रंगाआधी साबणाचे पाणी, मऊ ब्रश, मग स्पिरिट. चकाकीसाठी पूर्वी सिलिकॉनचे पॉलिश लावले असेल आणि ते पुरते निघाले नसेल, तर रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. पाच पातळ हात, दर दोन हातांत अर्धा तास.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात काका स्वतः आले. त्यांनी अस्तराकडे पाहिलेच नाही. काचेच्या फटीत तांब्याभर पाणी ओतले आणि गुडघ्यावर हात टेकून दाराखाली वाकून बसले. थोड्या वेळाने तळाच्या तिन्ही भोकांतून पाणी मातीत पडू लागले. पायपुसणे कोरडे. तपासणीच्या दिवशी अधिकाऱ्यांनी दार उघडले, मिटले, काच फिरवून पाहिली, पायाशी पत्रा ठोकला आणि पुढच्या गाडीकडे गेले. नोंदणी पाच वर्षांनी वाढली. भंगारवाला अजून येतो, पण आता चहाचे पैसे देऊ म्हणतो.

काकांनी मात्र जाताना उजव्या दाराच्या कोपऱ्यात अंगठ्याचे नख सरकवले. पाकळ्या मी फार खोल कापल्या होत्या. तेथे रेक्झिन सुईच्या अग्राएवढे उचलले गेले आहे. “दिवाळीत येशील तेव्हा हा परत कर,” म्हणाले. सोल्युशनचा अर्धा डबा मामांच्या फडताळात झाकण घट्ट लावून ठेवला आहे.