मुक्या जिवाची माया

आषाढात कुठे बेंदूर असतो, तर श्रावण अमावास्येला कुठे पोळा. आदल्या सांजेला आपण बैलांचे खांदे कोमट पाण्याने शेकतो. त्यांना तूप-हळद चोळतो. सणाला शिंगे रंगवतो, पुरणपोळी चारतो. का बरे? ज्या खांद्यावर जू ठेवले, त्या खांद्याचे ऋण आपण मानतो.

आमचे गाव माणदेशात. १९७२ साली मोठा दुष्काळ पडला. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. घरी खिलारी बैलांची जोडी होती. त्यातल्या पवळ्यावर वडिलांचा भारी जीव. त्यांची हाक आली, की तो लांबूनच मान वळवी.

कडबा संपला. घरची माणसे खडी फोडायला जाऊ लागली. शेवटी वडिलांनी जोडी बाजारात नेली. परत आले ते नुसती घुंगुरमाळ घेऊन. रात्री ते जेवले नाहीत. पहाटे सवयीने वैरण घालायला उठले. गोठ्याच्या दारापर्यंत गेले आणि तिथेच खाली बसले.

पुढे मोठेपणी आम्ही त्यांना त्या दिवसाबद्दल विचारले. ते म्हणाले, "आदल्या साली चार पैशांसाठी निम्मा कडबा विकला रे मी. एक गंजी राखली असती, तर पवळ्या आणखी काही दिवस दावणीला राहिला असता."

हे आम्ही कधी विसरलो नाही. माया नुसती मनात असून भागत नाही. ती गव्हाणीत दिसली पाहिजे. सुगीतच वैरणीची बेगमी करावी. कडब्याची कुट्टी करून घालावी, म्हणजे नासधूस कमी होते. औत सुटले, की खांद्यावरून हात फिरवावा. खांदा सुजला असेल, तर जू ठेवू नये. पावसाळ्याआधी जनावरांच्या दवाखान्यात जाऊन घटसर्पाची आणि फऱ्याची लस टोचून घ्यावी.

आता पुष्कळ गावांत ट्रॅक्टर आला. बैल कमी झाले. पण गाय, म्हैस, शेळी दारात आहेच. माणूस दुखले-खुपले तर सांगतो. मुका जीव सांगत नाही. तो आपल्याकडे बघतो. ते बघणे ज्याला वाचता आले, तोच खरा धनी.

प्रश्न :
१. वडील गोठ्याच्या दारात का बसले?
२. तुमच्या जनावरांना पुरेल एवढी वैरण घरात आहे का? किती महिने पुरेल?