लेटरबॉक्सिंगची हातकोरी कार्डं : खर्च किती, कुठे करावा?

इंग्लंडमध्ये डार्टमूरच्या माळरानावर 1854 मध्ये जेम्स पेरट या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल या आडजागी एक बाटली ठेवली. तिथवर चालत पोचणाऱ्याने आपलं कार्ड तीत टाकायचं. लेटरबॉक्सिंगचा छंद तिथून सुरू झाला आणि 1998 मध्ये ‘स्मिथसोनियन’ मासिकातल्या लेखानंतर अमेरिकेत पसरला. रानवाटेवर लपवलेल्या डब्यात एक वही आणि रबरी शिक्का असतो. शोधणारा तो शिक्का आपल्या वहीत उमटवतो आणि आपला शिक्का डब्यातल्या वहीत. हौशी मंडळी भेटली की अशाच शिक्क्यांची छोटी कार्डंही एकमेकांना देतात, अडीच बाय साडेतीन इंचांची. अमेरिकेत मुलांना घेऊन ट्रेलवर जाणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हा कार्डांचा हिशेब, तिथल्याच डॉलरमध्ये. किमती ठोकळ आहेत.

सुरुवात खोडरबरापासून करा. एक-दोन डॉलरमध्ये कोरायला पुरेसं मोठं, पांढरं, मऊ रबर मिळतं. कोरायचा खास ठोकळा (चार बाय सहा इंच) आठ ते बारा डॉलरला पडतो. हात बसेपर्यंत तो घेऊ नये, कारण पहिले दोन-तीन शिक्के बिघडणारच.

पैसे घालायचे ते हत्यारात. लिनोकटची मूठ आणि बदलती पाती बारा ते पंधरा डॉलरला येतात. बोथट पातं रबर कापत नाही, फाडतं. मग जास्त जोर लावावा लागतो आणि पातं निसटून बोटात घुसतं. लहान मुलांना चित्र काढू द्या, शिक्के मारू द्या; कोरायचं काम मोठ्यांनीच करावं.

चित्र ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने काढा, उलटं ठेवून रबरावर नखाने घासा. रबरावर ते आपोआप उलटं उतरतं, म्हणजे छापताना अक्षरं सुलटी येतात. हात स्थिर ठेवून रबर फिरवा, गोलाई सफाईदार येते. पात्याचा उतार रेषेपासून बाहेरच्या बाजूला हवा. रेषेखालचं रबर पोखरलं गेलं, तर दहा-वीस छापांत रेष तुटते.

शाईचं छोटं पॅड तीन-चार डॉलरला मिळतं. साधी डाय शाई लवकर वाळते, पण पाणी लागलं की पसरते. ओल धरणाऱ्या डब्यातल्या वहीसाठी पिगमेंट शाईच घ्या. ती वाळायला वेळ घेते, पण टिकते. शिक्का पॅडवर दाबण्याऐवजी पॅडच शिक्क्यावर हलके टेकवावं, खाचांत शाई भरत नाही.

कागद मात्र स्वस्त पडतो. नऊ बाय बारा इंचांच्या जाड चित्रकागदातून नऊ कार्डं निघतात. बारा कागदांचं पॅड दहा डॉलरला धरलं तर एकशे आठ कार्डं, म्हणजे एका कार्डाला दहा सेंटसुद्धा नाहीत. टपालाचा खर्च त्याहून कितीतरी जास्त. कडक, न वाकणाऱ्या पाकिटाला जादा आकार पडतो, म्हणून कार्डं शक्यतो हातोहात द्या.

कोरलेला शिक्का प्लास्टिकच्या डब्यात तसाच टाकू नका. पांढऱ्या विनाइल रबरातला मऊपणा आणणारा द्रव प्लास्टिकमध्ये उतरतो आणि दोन्ही चिकटून बसतात. कापडात किंवा कागदात गुंडाळून ठेवलं की पुरे, त्याला पैसे पडत नाहीत.

रेडिमेड शिक्के दोन-तीन डॉलरला मिळतात आणि कोरण्याचा सगळा खटाटोप वाचतो. तरीही ते घेऊ नयेत. समोरच्याने तासन्‌तास बसून कोरलेल्या कार्डाच्या बदल्यात दुकानी चित्र देणं बरोबर नाही. त्यापेक्षा ओबडधोबड पण स्वतः कोरलेलं कार्ड द्या. पहिल्या खेपेचा सगळा खर्च तीस डॉलरच्या आसपास बसतो. पहिली दहा कार्डं हातून जाईपर्यंत त्याहून एक डॉलरही जास्त घालू नका.