तिकिटामागचे सुट्टे पैसे

सुट्टे नसले की एसटीचा कंडक्टर बाकी तिकिटामागे लिहून देतो. उतरेपर्यंत आपण ते तिकीट नोटेसारखं जपतो, हो ना? पहिल्या महायुद्धात आणि नंतर जर्मनीत असंच झालं. धातू युद्धाला गेला, उरलेली नाणी लोकांनी दडवली. मग नगरपालिकांनीच कागदी पैसे छापले, 'नोटगेल्ड'. ते बहुधा त्या-त्या गावापुरतेच चालत.

आपला तलवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. चांदीची टंचाई तिथेही होती. १९१८ पासून हैदराबादच्या नोटा निघाल्या, पण त्या सरकारी, राज्यभर चालणाऱ्या.

हे शिकवताना मी वर्गात चिठ्ठ्यांचा बाजार भरवला. खेळ रंगात आला आणि एका पोराने विचारलं, "बाई, दुकानदारच पळाला तर चिठ्ठी कोण घेणार?" पुढचा तास त्यातच गेला.