बाटलीत व्हिस्की मुरत नाही

प्रश्न : घरच्या बारसाठी 12 वर्षांची स्कॉच घेऊन दहा वर्षं न फोडता ठेवली, तर ती 22 वर्षांची होईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. लेबलवरचं वय लाकडी पिंपातलं असतं. काचेत मुरणं थांबतं. वय जास्त म्हणजे चव सरस, हेही खरं नाही. आपल्याकडच्या उष्म्यात पिंपातली व्हिस्की भराभर मुरते, म्हणून बंगळुरूची अमृत किंवा गोव्याची पॉल जॉन वयाने लहान असूनही दमदार लागते. मग महागडी बाटली जपायची कशाला, असं कुणी म्हणेल. जपूच नका! आवडीच्या दोन-तीन घ्या आणि बेताने प्या. बाटली उन्हापासून दूर, उभीच ठेवा. आडवी ठेवल्यास तीव्र मद्याने बूच खराब होतं. निम्मी संपली की हवेने चव उतरू लागते, तेव्हा फार रेंगाळू नका. मद्यपरवाना मात्र आधी काढा; गोव्याहून बाटल्या आणायलाही वेगळी परवानगी लागते.