तारण कोणासाठी?

शेजारच्या काकू वारल्या, तेव्हा आजीने त्यांच्यासाठी रोझरी म्हटली. मी विचारलं, “बाप्तिस्मा नसताना त्यांचं तारण होईल?”

प्रेषितांची कृत्ये, अध्याय १० वाचा. रोमी शताधिपती कर्नेल्य यहुदी नव्हता, तरी पवित्र आत्मा त्याच्यावर उतरला. बाप्तिस्मा त्यानंतर झाला. देव पक्षपात करत नाही, हे पेत्राला त्याच घरात उमगलं.

१९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘लुमेन जेन्शियम’मध्ये सांगितलं की, स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकबुद्धीला जागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. ‘मिळेलच’ असं नाही. तारण सगळ्यांना खुलं आहे, पण आपोआप नाही. ते ख्रिस्ताच्या कृपेनेच मिळतं.

म्हणून काकूंचा निवाडा आपण करायचा नाही. आजीने रोझरी म्हटली, ते योग्यच केलं.