चित्र पाहून घेतलेलं बी

सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी साताऱ्याच्या घरातलं फडताळ आवरायला काढलं. एका काचेच्या बाटलीत राखेत घोळलेले पावट्याचे दाणे होते. चार-दोन दाण्यांना भुंग्यानं भोकं पाडलेली दिसली आणि मी अख्खी बाटली केरात उपडी केली. त्याच आठवड्यात माझी बियाण्यांची ऑर्डर घरी यायची होती. भाज्या-फुलांची ४० पाकिटं, एकगठ्ठा, सवलतीत. त्या बाटलीची चुटपुट अजून जात नाही, म्हणून हे लिहिते आहे.

पाकिटं देखणी होती. प्रत्येकावर ठसठशीत चित्र आणि खाली नाव: फुलकोबी, कांदा, टोमॅटो, मिरची. वाण कोणता, बी कधी तपासलं, उगवण किती टक्के, लॉट नंबर काय, यातलं काहीही छापलेलं नव्हतं. मी ते पाहिलंसुद्धा नाही. मृग लागला आणि आठ दिवसांत सगळं पेरून मोकळी झाले.

मिरची एकही उगवली नाही. टोमॅटोची रोपं बोटभर झाली आणि संततधार पावसात बुडाशी कुजून आडवी पडली. भेंडी मात्र तरारून आली. पण फुलावर येता येता पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या. हा हळद्या रोग. पांढरी माशी तो पसरवते आणि एकदा लागला की झाड उपटण्यापलीकडे इलाज नसतो. परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका हे वाण या रोगाला तोंड देण्यासाठीच निवडून काढलेले आहेत. पण पाकिटावर नुसतं ‘भेंडी’ लिहिलेलं असेल, तर आत काय आहे हे कसं कळणार?

सगळ्यात जास्त शिकवलं फुलकोबीनं. सहा वाफ्यांत लावलेली फुलकोबी दिवाळीपर्यंत नुसती पानं काढत राहिली. नंतर कृषी खात्यातल्या एका जाणत्या माणसानं समजावलं, की फुलकोबीचे वाण थंडीच्या मोजमापावर वाटलेले असतात. लवकरच्या वाणाला थोड्या उबेतही गड्डा धरतो, उशिराच्या वाणाला कडक थंडी लागते. उशिराचा वाण पावसाळ्यात लावला तर पानांचा पसारा होतो, आणि लवकरचा वाण थंडीत लावला तर बटणाएवढे गड्डे धरून झाड थांबतं. कांद्याचंही तेच. एन-२-४-१ हा रब्बीचा कांदा, तर बसवंत ७८० खरिपाचा. हंगाम चुकला की एक तर गड्डा पोसत नाही किंवा डेंगळे येतात. म्हणजे माझं बी कदाचित चांगलंही असेल, त्याची वेळ तेवढी चुकली. वाणाचं नाव पाकिटावर असतं तर वेळ मला आधीच कळली असती.

तेव्हापासून मी बी मागवताना चित्राकडे बघतच नाही, आधी मागची बाजू वाचते. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग असतो, सत्यप्रत बियाण्याला हिरवट. दोन्हींवर तपासणीची तारीख असायला हवी, आणि त्या तारखेपासून साधारण ९ महिनेच तो दाखला चालतो. टोमॅटोची उगवण किमान ७०, भेंडीची ६५, मिरचीची ६० टक्के असावी असं प्रमाण ठरलेलं आहे. कांद्याचं बी तर वर्षभरातच जीव सोडतं. गेल्या वर्षीचं कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. बी विकायला बियाणे (नियंत्रण) आदेश, १९८३ नुसार परवाना लागतो. त्यामुळे विकणाऱ्याकडून लॉट नंबर लिहिलेलं बिल मागायला संकोच करू नका. बिल आणि रिकामं पाकीट पीक हाती येईपर्यंत जपून ठेवा.

फुलांच्या बाबतीत आपली फसगत हौसेपोटी होते. माझ्या गठ्ठ्यात निळ्या गुलाबाचं बी होतं. त्यातून रानगवतासारखं काहीतरी उगवलं. गुलाबात निळ्या रंगाचं द्रव्यच नसतं. जपानमध्ये जनुक घालून तयार केलेला गुलाब २००९ साली बाजारात आला, तोही जांभळट दिसतो. शिवाय बागेतला गुलाब डोळा भरून किंवा फांदीनंच वाढवतात. बियांतून आईसारखं झाड येत नाही. बियांपासून फुलं हवी असतील तर झेंडू, झिनिया, तेरडा, गोकर्ण यांच्यापासून सुरुवात करा. पुण्याच्या गणेशखिंड केंद्रातून आलेले ‘फुले गणेश’ अ‍ॅस्टर आपल्याकडे उत्तम येतात. पिटुनिया आणि पॅन्झीचं बी मात्र पावसाळा ओसरल्यावरच मागवा, जूनमध्ये घरात आणून दमट हवेत ठेवू नका.

मी आता थोडंच घेते, आणि राहुरी, परभणी ही कृषी विद्यापीठं किंवा बेंगळुरूची भारतीय बागवानी संशोधन संस्था यांच्या विक्री केंद्रांकडे आधी चौकशी करते. बेंगळुरूचे ‘अर्का’ वाण घरबसल्याही मागवता येतात. मेथी आणि धणे यांच्यासाठी पाकीट लागतच नाही, घरातले चालतात. धणे फक्त रगडून दोन फाकी करायचे. संकरित बी घ्यायला हरकत नाही, पण त्याचं बी धरून पुढच्या वर्षी तेच मिळेल ही आशा ठेवू नये. गुलाबी किंवा निळ्या रंगाचं बी असेल तर त्याला औषध चोळलेलं असतं. ते लहान मुलांच्या हाती देऊ नका.

पेरण्याआधी २० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवते. भेंडी-काकडीचं उत्तर आठवड्यात मिळतं, मिरचीला दोन आठवडे द्यावे लागतात. विसातले आठच उगवले तर ते पाकीट मी पेरत नाही. हे पंधरा दिवस वाया जातात असं वाटतं खरं. मी ते वाचवले आणि अख्खा पावसाळा गमावला.

परदेशातून येणाऱ्या नात्यातल्यांना बी आणायला सांगू नका. आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला असल्याशिवाय ते देशात आणता येत नाही, आणि दाण्याबरोबर रोग येतो ही भीती खरी आहे.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाण्यांची बँक उभी केली आणि त्यांना पद्मश्री मिळाली, हे आपण सगळे अभिमानानं सांगतो. त्यांच्याबद्दल वाचताना मला माझी केरातली बाटली आठवायची. भुंग्यानं पोखरलेले दाणे निवडून बाजूला केले असते, बाकीचे उन्हात वाळवून पुन्हा राखेत घातले असते, तर ते वाचले असते. सासूबाई दरवर्षी तेच करत असणार. त्यांचा पावटा पावसात वाढायचा आणि दिवस लहान झाले की फुलायचा. पातळ सालीचा, वासाचा. तसा पावटा मला पाकिटात कुठेच मिळाला नाही.

शेवटी नणंदेला फोन केला. वन्सं म्हणाल्या, “आईनं मला लग्नानंतर दिला होता, पण शेत विकल्यापासून कुणी लावला असेल असं वाटत नाही.” त्यांनी त्यांच्या जावेकडे चौकशी केली, जावेनं तिच्या माहेरी. गेल्या चैत्रात कागदाच्या पुडीत अकरा दाणे आले. सहा पेरलेत, पाच बाटलीत ठेवलेत, राख घालून.